वाचकांचे प्रश्न : थोड्या नियमांचे रोलप्लेइंग खेळ

गेल्या अंकात टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांची ओळख करून दिली होती. एक जण गेम मास्टर होऊन काल्पनिक जगाचे वर्णन करतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेऊन 'मी आता असे करतो' असे सांगत जातात, आणि परिणाम जिथे अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात, एवढे त्या खेळाचे स्वरूप वाचकांना आठवत असेल. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख सोप्या आणि लवकर मांडता येणाऱ्या खेळांकडे असल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही पाच जण नोकऱ्या सांभाळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलो. तीन जाडजूड पुस्तके घेतली. पात्रे तयार करण्यातच सुरुवातीच्या बैठका संपल्या आणि पुढे एकेक जण गळत गेला. वीस-पंचवीस पानांत सगळे नियम मावतील असेही खेळ आहेत असे आता कळते. एवढ्याशा पानांत पूर्ण खेळ असतो, की तो नुसता नमुना असतो? आणि लोकांना त्यात एवढे काय आवडते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खेळ पूर्ण असतो. या प्रकाराचा जन्मच मुळात पातळ पुस्तिकांतून झाला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला, तेव्हा तो एका खोक्यातल्या तीन छोट्या पुस्तिकांचा होता. त्या पुस्तिका लहान होत्या, पण सोप्या नव्हत्या. लुटुपुटीच्या लढाया मांडून खेळणाऱ्या मंडळींना जे आधीच ठाऊक होते ते गृहीत धरून त्या लिहिल्या होत्या आणि नवख्या माणसाला त्यातून वाट काढणे अवघड जाई. त्यामुळे सोप्या खेळाची मागणी मूळ खेळाइतकीच जुनी आहे. केन सेंट आंद्रे या ॲरिझोनातील गृहस्थाला कल्पना आवडली पण नियम उलगडेनात, म्हणून त्याने घरोघरी असणाऱ्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा आपला खेळ १९७५ मध्येच लिहून काढला. पुढे एरिक होम्स या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाने १९७७ मध्ये मूळ खेळाचीच प्राथमिक आवृत्ती नीट लावून दिली आणि टॉम मोल्डव्हे याने १९८१ मध्ये ती ६४ पानांत इतकी स्वच्छ मांडली की आजचे अनेक खेळ तिचेच ऋण मानतात.

त्यानंतर मुख्य खेळ मात्र फुगत गेला. २०१४ च्या आवृत्तीतील तीन मुख्य पुस्तके प्रत्येकी तीनशे पानांच्या वर आहेत. (याच आवृत्तीचे मूलभूत नियम प्रकाशकांनी विनामूल्यही दिलेले आहेत, ही गोष्ट पुस्तके विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही.) दुसरीकडे २००० साली याच खेळाचा पाया खुल्या परवान्याखाली मोकळा झाला, आणि आठ-दहा वर्षांतच जुन्या पातळ आवृत्त्या नव्याने लिहिणाऱ्यांची एक फळी उभी राहिली. तिच्या पाठोपाठ नियम आणखी छाटणारे आले. ख्रिस मॅक्डॉवल यांचा 'इन्टू द ऑड' २०१४ चा, बेन मिल्टन यांचा अवघ्या सात पानांचा 'नेव्ह' २०१८ चा, आणि या दोघांवर उभा राहिलेला योखाई गॅल यांचा २४ पानी 'केर्न' २०२० चा. पुढील उत्तरांत मी उदाहरणे मुख्यतः 'केर्न'ची देणार आहे, कारण तो विनामूल्य मिळतो आणि मला तो या सगळ्यांत सर्वात नेटका वाटतो.

आता आवडण्याच्या कारणाकडे वळतो. वेळ वाचतो हे पहिले कारण सगळेच सांगतात, पण तो नेमका कुठे वाचतो हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या खेळात तलवारीचा एक वार म्हणजे आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचे अधिक-उणे मिळवायचे, ती बेरीज शत्रूच्या संरक्षणाच्या आकड्याशी ताडायची, आणि वार लागला तरच दुसरा फासा टाकून इजा ठरवायची. वार लागण्याची शक्यता शंभरात साठ धरली, तर दर पाच वारांपैकी दोन वारांनंतर टेबलावर काहीही बदललेले नसते आणि खेळाडू पुन्हा आपली पाळी येईपर्यंत वाट पाहत बसतो. मॅक्डॉवल यांनी ही पहिली पायरीच काढून टाकली. त्यांच्या आणि गॅल यांच्या खेळात वार लागतोच. फासा फक्त इजेचा टाकायचा, त्यातून चिलखताचा आकडा वजा करायचा, संपले. लढाई दोन-तीन फेऱ्यांत निकालात निघते आणि प्रत्येक वार जिवावरचा असल्यामुळे खेळाडू तलवार उपसण्याआधी विचार करतो. पात्र तयार करणेही असेच झटपट होते. बळ, चपळाई आणि मनोधैर्य या तीन गुणांसाठी प्रत्येकी तीन फाशांची बेरीज, अंगावरच्या हल्ल्याला तोंड देण्याच्या शक्तीसाठी एक फासा, आणि सोबतच्या सामानासाठी काही तक्ते. दहा मिनिटांत माणूस खेळायला तयार होतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या खेळात पात्राच्या कागदावर वीस-पंचवीस कौशल्ये छापलेली असतात, तिथे अडचण आली की खेळाडूची नजर आपोआप त्या कागदाकडे जाते, आणि 'यातले काय वापरू' असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. ज्या खेळात तो कागद जवळपास कोरा असतो, तिथे त्याला गेम मास्टरकडेच पाहावे लागते. समजा, एका पडक्या वाड्यातल्या खोलीत शिरल्यावर मागचे दार धाडकन बंद झाले आणि भिंतीतल्या छिद्रांतून पाणी आत येऊ लागले. पहिल्या प्रकारच्या खेळात 'मी निरीक्षणाचा फासा टाकतो' एवढ्यावर प्रसंग उरकू शकतो. दुसऱ्या प्रकारात कोणीतरी विचारते की छिद्रे केवढी आहेत, दुसरा म्हणतो की आपल्याजवळचे मेण आणि फाटके धोतर त्यात कोंबता येईल का, तिसऱ्याला सुचते की पाणी छतापर्यंत भरू द्यावे आणि वरच्या झरोक्यापर्यंत पोहत जावे. यातल्या एकाही उपायासाठी नियम लिहिलेला नाही आणि लिहिण्याची गरजही नाही. खोलीचे वर्णन पुरेसे स्पष्ट असले आणि गेम मास्टर प्रामाणिक असला की उत्तर बोलण्यातूनच निघते; खरोखर धोका असेल तिथे फासा टाकायचा. पातळ पुस्तकाच्या चाहत्यांना जे आवडते ते मुख्यतः हे बोलणे आहे.

सामानाचा हिशोब हे याचेच एक देखणे उदाहरण आहे. 'केर्न'मध्ये प्रत्येक पात्राला दहा वस्तूंची जागा असते. दहाही जागा भरल्या की अंगावरचा हल्ला झेलण्याची शक्ती शून्यावर येते, आणि मंत्र म्हटला किंवा दिवसाहून अधिक काळ अन्न-झोपेविना काढला की थकवा त्याच जागांपैकी एक अडवून बसतो. त्यामुळे खजिन्याच्या खोलीतून चांदीची समई न्यायची की दोरखंड ठेवायचा, या एका प्रश्नावर चार माणसे मनापासून वाद घालू शकतात. वजनांचे कोष्टक नाही, किलोंची बेरीज नाही, आणि तरीही ओझ्याचा त्रास प्रत्येकाला जाणवतो.

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. शनिवारी वाचनालयाच्या तासाला सहावी-सातवीची पाच-सहा मुले घेऊन असा खेळ मांडावा असे मनात आहे. हाताशी दीड तास असतो. तयारी किती करावी लागेल? हे मराठीतून खेळता येईल का?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : मराठीतून उत्तम खेळता येईल, कारण खेळ सगळा बोलण्याचा आहे आणि नियमांतले जेमतेम दहा-बारा शब्द मुलांना कळले की पुरे. किल्ला, चोरवाट, टाके, बुरूज, भुयार हे शब्द तुमच्या विद्यार्थ्यांकडे आधीपासून आहेत. सहलीत पाहिलेला एखादा डोंगरी किल्ला डोळ्यांसमोर आणून त्याच्यावरून एक काल्पनिक किल्ला बेतला तर वर्णनाचे निम्मे काम मुलेच करतील. नकाशात पाच-सहा जागांहून अधिक नकोत. प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: शिरताच काय दिसते, जवळ गेल्यावर काय कळते, आणि तिथे कोणाला काय हवे आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. टाक्याजवळ बसलेल्या राक्षसाला फक्त 'राक्षस' म्हणून ठेवले तर मुले त्याच्यावर तुटून पडतील. त्याच्या पायात काटा रुतला आहे आणि तो कोणालातरी काढायला सांगतो आहे असे ठरवले तर वर्गात लगेच दोन पक्ष पडतात.

अनोळखी प्राणी भेटल्यावर तो कसा वागेल हे आधी ठरवलेले नसेल, तर सहा बाजूंचे दोन फासे टाकून पाहण्याची पद्धत मोल्डव्हेच्या पुस्तिकेत होती आणि 'केर्न'नेही ती ठेवली आहे. दोन आले तर वैर, बारा आले तर मदत, आणि मधले आकडे मधल्या छटांचे. सहा, सात, आठ या तिघांपैकी एक येण्याची शक्यता छत्तिसात सोळा, म्हणजे सुमारे ४४ टक्के असते, आणि या आकड्यांना समोरचा नुसता कुतूहलाने पाहत असतो. मुलांना हे फार उपयोगी पडते, कारण दर भेट म्हणजे मारामारी ही व्हिडिओ गेममधून आलेली सवय त्यामुळे आपोआप सुटते. मारामारी झालीच, तरी शत्रूंपैकी पहिला पडला की उरलेल्यांचे धैर्य फाशावर तपासायचे. बरेचदा ते पळून जातात आणि तुमची वीस मिनिटे वाचतात.

दीड तासाचे वाटप साधारण असे होते: पहिली पंधरा मिनिटे पात्रांची, पुढचा तास किल्ल्यातला, आणि शेवटची पंधरा मिनिटे बाहेर पडण्याची. गावच्या चावडीतून, कामगिरी मिळण्यापासून सुरुवात करू नये. त्यात अर्धा तास जातो. 'तुम्ही चोरवाटेच्या तोंडाशी उभे आहात, आतून थंड वारा येतो आहे, सूर्य मावळायच्या आत परत यायचे आहे' असे म्हणून थेट तिथेच उभे करावे. वेळेचा ताण हवा असेल तर केल्सी डिऑन यांच्या २०२३ च्या 'शॅडोडार्क' या खेळातली युक्ती उचलावी: त्यात एक मशाल घड्याळाच्या खऱ्याखुऱ्या एका तासात विझते. टेबलावर घड्याळ ठेवले की मुले एकमेकांना स्वतःच घाई करतात. हा खेळ छापण्यासाठी लोकवर्गणीतून तेरा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती, यावरून अशा साध्या युक्त्यांचे आकर्षण केवढे आहे हे दिसते.

एक गोष्ट मात्र आधी ठरवून ठेवा. या खेळांत पात्रे पटकन मरतात आणि बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच तासात बाहेर बसावे लागणे बरे नाही. पात्र पडले तर ते जखमी होऊन शत्रूच्या कैदेत जाते आणि खेळाडूने किल्ल्यातलाच दुसरा कोणी, म्हणजे पहारेकरी, वाट चुकलेला गुराखी असे पात्र लगेच घ्यायचे, असा घरचा नियम केला तर अडचण येत नाही.

प्रश्न : वीस बाजूंचे फासे आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ऑनलाइन सात फाशांचा संच सहज मिळतो, आणि मोबाइलवर फासे टाकून देणारी विनामूल्य अ‍ॅप्सही आहेत. तेही नको असेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून दर वेळी एक काढावी आणि परत टाकावी. यात कमीपणा मानायचे कारण नाही: १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ प्रकाशकांनीच खोक्यात फाशांऐवजी पुठ्ठ्याचे आकडे घालून विकले होते. केवळ सापशिडीतल्या फाशांवर खेळायचे असेल तर वर उल्लेखलेला 'टनेल्स अँड ट्रोल्स' आहेच.

प्रश्न : मी आयुष्यभर ब्रिज आणि बुद्धिबळ खेळलो. नियम लिहिलेले नसले की निर्णय एका माणसाच्या मर्जीवर जातो. त्याला खेळ का म्हणावे? नातवंडांबरोबर बसलो तेव्हा मला ते सगळे मनमानी वाटले.
– एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो नवा नाही. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ सिद्ध केला. त्यात सैन्याच्या हालचाली, गोळीबाराची हानी, फासे, कोष्टके असे सगळे होते आणि निकाल सांगायला एक पंच होता. खेळ अचूक होता पण अतिशय मंद. एका चढाईचा हिशोब करता करता सगळे थकत. तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवले की पंच जर स्वतः अनुभवी सेनानी असेल तर कोष्टके आणि फासे बाजूला ठेवून त्याने आपल्या जाणकारीवर निकाल सांगावा. त्यावर तुमचाच आक्षेप घेतला गेला, की मग पंच वाईट असेल तर काय? हा वाद पूर्णपणे कधीच मिटला नाही. आजच्या रोलप्लेइंग खेळाचा उगमही याच परंपरेत आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह वेसली यांनी नेपोलियनच्या काळातील एका जर्मन गावाची लढाई मांडताना प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली आणि 'काहीही करून पाहता येईल, निकाल पंच देईल' अशी मुभा ठेवली. त्या मंडळीत आर्नेसन होते.

तेव्हा मनमानीचा धोका या प्रकारात अंगभूतच आहे, आणि पुस्तक जितके पातळ तितका तो जास्त. तो कमी करण्याच्या ज्या रीती जाणते गेम मास्टर पाळतात त्या मात्र तुमच्यासारख्या शिस्तीच्या खेळाडूला पटतील. फासा टाकण्याआधी जिंकले तर काय आणि हरले तर काय हे मोठ्याने सांगायचे. फासे उघड्यावर टाकायचे, पडद्याआड नाही. एकदा दिलेला निर्णय वहीत टिपून ठेवायचा आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर तोच लावायचा, म्हणजे न्यायालयातल्या पूर्वनिर्णयांसारखा हळूहळू त्या टेबलाचा स्वतःचा कायदा तयार होतो. आणि खेळाडूला निर्णय पटला नाही तर त्याला दोन वाक्ये बोलू द्यायची, त्यानंतर निकाल पक्का. नातवंडांच्या टेबलावर यातले काही होत नसेल तर तुम्हाला आलेला वैताग साहजिक आहे. एक सुचवतो: पुढच्या वेळी पंच तुम्ही व्हा. नियमांचे भान असलेला माणूस या जागेवर बसला की खेळाची पत लगेच वाढते.

बुद्धिबळाशी तुलना मात्र फार ताणू नये. तिथे दोघे एकमेकांविरुद्ध खेळतात, म्हणून नियमातली प्रत्येक फट कोणाच्या तरी फायद्याची असते. इथे पंचाला जिंकायचे नसते. जिंकायचे ठरवले तर तो आकाशातून दरड कोसळवून क्षणात सगळ्यांना मारू शकतो, आणि त्यात कोणालाच मजा नाही.

प्रश्न : आमच्या गटात असे दोन खेळ झाले. मजा आली, पण काही महिन्यांनी सगळे पुन्हा मोठ्या पुस्तकांकडे वळले. हे खेळ टिकत नाहीत असे म्हणावे का?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : काहींसाठी टिकत नाहीत, आणि ते मान्य करायला हवे. ज्याला पात्र घडवण्यात रस आहे, म्हणजे पुढच्या पायरीवर कोणती शक्ती घ्यायची, कोणत्या दोन शक्तींची जोडी जमते याचा विचार जो ऑफिसला जाताना बसमध्येही करतो, त्याला पातळ पुस्तकात दोन बैठकांमधल्या काळात करण्यासारखे काहीच नसते. चौकटींच्या नकाशावर डाव आखून लढायची ज्याला हौस आहे त्याचीही इथे निराशा होते. वार लागतोच म्हटल्यावर डावपेच लढाईच्या आधी संपतात. मोठ्या खेळांच्या बाजूने आणखी एक गोष्ट अशी की लाजऱ्या खेळाडूला छापील कौशल्यांचा आधार वाटतो. 'तू काय करतोस?' या मोकळ्या प्रश्नाने जो गोठतो, त्याला कागदावरच्या यादीतून एक निवडणे सोपे जाते.

तुमच्या गटात नेमके काय झाले हे पत्रावरून कळत नाही, पण साध्या खेळाची लांब मालिका कंटाळवाणी होते तेव्हा माझ्या पाहण्यात बहुतेकदा जग बदलत नसते. मोठ्या खेळात पात्र वाढते, म्हणून जग तेच राहिले तरी चालते. 'केर्न'सारख्या खेळात पात्राची संख्यात्मक वाढ जवळपास नाही. बदल जो होतो तो बाहेर होतो. मागच्या वेळी सोडून दिलेला दरोडेखोर आता घाटात जकात वसूल करतो, पुरलेला खजिना उकरल्यामुळे गावची विहीर आटली, ज्या म्हातारीकडून मंत्राची पोथी लुटली तिचा मुलगा शोधत आला. गेम मास्टरने दोन बैठकांच्या मध्ये अर्धा तास बसून एवढेच ठरवायचे असते की खेळाडूंनी केलेल्या कोणत्या गोष्टीचे फळ आता समोर येईल. हे होत असेल तर असे खेळ वर्षभरही चालतात. होत नसेल तर तीन-चार बैठकांत आटोपणारी साहसे खेळावीत आणि मधल्या काळात हवे ते मोठे पुस्तक उघडावे. दोन्ही खेळणारे गट पुष्कळ असतात आणि त्यात निष्ठा बदलल्यासारखे काही नाही.

प्रश्न : असा एखादा खेळ मराठीत आणून मित्रांत वाटला तर कायदेशीर अडचण येईल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : खेळावर अवलंबून आहे. 'केर्न'चा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहे की मूळ लेखकाचे नाव देऊन आणि आपले भाषांतर त्याच परवान्याखाली ठेवून ते कोणालाही करता, वाटता आणि विकताही येते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या, म्हणजे वर उल्लेखलेल्या २०१४ च्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये असाच खुला झाला. तिथे श्रेय देणे पुरते, आपले काम खुले ठेवण्याची अट नाही. त्या नियमसंचात नसलेली पात्रे, राक्षस आणि चित्रे मात्र प्रकाशकांचीच आहेत, त्यांना हात लावू नये. बाकीच्या प्रत्येक खेळासाठी त्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावरचा परवाना वाचावा आणि तो नसेल तर लेखकाला लिहून विचारावे. या क्षेत्रातले बरेच लेखक एकट्याने काम करणारे असल्यामुळे उत्तर येण्याची शक्यता चांगली असते. भाषांतर करताना नियमांच्या आधी सामानाचे तक्ते हाती घ्या. नवा खेळाडू सर्वात आधी तेच वाचतो, आणि कंदील, पहार, दोर, गूळ-शेंगदाणे असे आपले सामान त्यात आले की खेळ कसा चालणार आहे हे त्याला नियम समजावण्याआधीच कळते.